इंग्लंडच्या लॉर्ड लोकांचे वाडे चारशे वर्षं एकाच घराण्याकडे राहिले कसे? आपले तर तिसऱ्या पिढीत बसले

संत्रेवाला_परतवाडा

राजेहो, एक गोष्ट बरेच दिवसापासून डोक्यात घुमून रायली, इथं इतिहासातले जाणकार आहेत म्हणून विचारतो. रात्री मी मोबाइलवर इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांचे व्हिडिओ पाहतो. त्यात चॅट्सवर्थ म्हणून एक आहे, डर्बीशायरमधे, तिचं नुसतं छतच सव्वा एकराच्या वर आहे आणि १५४९ मधे ती जागा घेतली तेव्हापासून आजपावेतो ती एकाच कॅव्हेंडिश घराण्याकडे आहे. राजे बदलले, दोन महायुद्धं झाली, वाडा तिथंच अन् घराणंही तिथंच.

आता आमच्या गावातला देशमुखाचा वाडा घ्या. चार चौकांचा, सागवानाचे खांब, धान्याची पेवं, घोड्यांची पागा. माझे आजोबा तिथं सालदार होते म्हणून त्या वाड्याच्या गोष्टी आमच्या घरात लय ऐकल्या. आज समोरचा दरवाजा तेवढा उभा आहे. मधला चौक एका पावसाळ्यात बसला, खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांनी ट्रकात भरून नेले, नमुना आठवर वारसांची इतकी नावं चढली की एकट्यादुकट्याच्या सहीनं काहीच होत नाही, अर्धे लोकं नागपूर-पुण्याले, काही बाहेर देशात, अन् गावात उरलेल्या दोन भावांची कोर्टात केस. माणसं चांगली आहेत दोन्ही, पण वाडा गेला.

तर काहून असं? तिकडच्या भावाभावात भांडणं होत नसतील का? एवढं मोठं घर सांभाळायला पैसा कुठून आणत होते? आणि गाविलगड घेणारा तो वेलस्ली पुढं ड्यूक झाला म्हणतात, त्याचाही तिकडं असा वाडा आहे का? ज्याला माहीत असेल त्यानं सविस्तर लिहा, मी सगळं वाचतो.

मास्तर_दर्यापूर

भांडणं होत होती भाऊ, वाटणी होत नव्हती. इंग्लंडच्या जमीनदार घराण्यात वाडा, जमीन आणि किताब तिन्ही थोरल्या मुलाला. धाकट्यांना ठरलेली रक्कम नाहीतर दरसालची खर्ची, पोरींना लग्नात पैसा, की झालं. वरून सतराव्या शतकात तिथल्या वकिलांनी आणखी पक्की व्यवस्था बसवली, ती अशी की थोरल्याच्या ताब्यात जमीन असली तरी तो हयातीपुरता मालक, विकायचा अधिकार त्याला नाही, कारण कागदात ती जमीन आधीच त्याच्या मुलासाठी बांधून ठेवलेली, कित्येकदा तो मुलगा जन्माला यायच्याही आधी. मग तो पोरगा एकवीस वर्षाचा झाला की बाप त्याला समोर बसवून नवा कागद करून घ्यायचा, बदल्यात त्याला खर्ची लावून द्यायचा, अन् जमीन पुन्हा एक पिढी बांधली जायची. १८८२ च्या कायद्यानं विकायची मोकळीक मिळेपर्यंत दोनशे वर्षं हे असंच चाललं. त्यामुळं एखादा जुगारी निघाला तरी कर्ज करून ठेवायचा, पण वाडा उडवू शकत नव्हता.

आपल्याकडे गादी असलेल्या राजघराण्यात थोरल्याचा हक्क चालायचा. देशमुख, पाटील, मालगुजार यांच्या घरात मात्र प्रत्येक मुलाचा जन्मापासून वाटा. चार मुलं म्हणजे चार चुली, तिसऱ्या पिढीत सोळा. पुढं १९५६ अन् २००५ च्या कायद्यांनी पोरींनाही हक्क मिळाला आणि ते व्हायलाच पाहिजे होतं. त्यात १९५१ ला मालगुजारी गेली, १९६१ च्या कायद्यानं सीलिंग, म्हणजे एका घरानं किती जमीन ठेवायची याची मर्यादा, आली. इंग्लंडमधे सीलिंग कधी आलंच नाही, हा फरक माझ्या मते वाटणीइतकाच मोठा आहे. वाड्याला दरवर्षी चुना, लाकूड, कौलं लागतात, तो खर्च जमिनीच्या उत्पन्नातून निघायचा, जमीनच गेली तर घर शाकारायचं कशातून?

आता तुमचा वेलस्ली. थोरल्याला सगळं दिल्यावर धाकटे जायचे कुठं तर सैन्यात, चर्चमधे, वकिलीत नाहीतर हिंदुस्थानात. आर्थर वेलस्ली हा तसाच एक धाकटा मुलगा. आयर्लंडमधलं घराणं, किताब थोरल्या रिचर्डकडे, आणि रिचर्ड त्या वेळी इथं गव्हर्नर जनरल. १८०३ मधे या धाकट्यानं महिनाभरात आपल्या भागाचा नकाशा बदलून टाकला. २९ नोव्हेंबरला तेल्हारा तालुक्यातल्या अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावला भोसल्यांशी तह, ३० ला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह. देवगावच्या तहात भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला अन् तो निजामाच्या पदरात पडला. १८०५ मधे आर्थर परत गेला तेव्हा त्याच्याजवळ ४० हजार पौंडांच्या वर रक्कम होती, त्यातला मोठा भाग मोहिमेतल्या लुटीतून हुद्द्याप्रमाणे मिळालेला हिस्सा. गाविलगडाच्या तटावर आपली पोरं फोटो काढतात, त्यांना हे कोणी सांगत नाही याचं मले लय वाईट वाटते.

वाडा आहे त्याचा. वॉटर्लूच्या लढाईनंतर पार्लमेंटनं दिलेल्या पैशातून १८१७ मधे हॅम्पशायरमधलं स्ट्रॅटफील्ड सेय घेतलं. आधी ते पाडून भव्य महाल बांधायचा बेत होता, खर्च पाहून सोडून दिला आणि जुन्याच घरात गरम हवेची सोय करून घेतली. वॉटर्लूला ज्याच्यावर बसला तो कोपनहेगन नावाचा घोडा तिथंच पुरलाय. त्याचं घराणं आजही तिथंच आहे अन् त्या इस्टेटीचं भाडं म्हणून दरवर्षी १८ जूनला एक छोटा फ्रेंच झेंडा राजाला द्यावा लागतो, एवढंच भाडं.

आणखी एक धागा आहे. इकडं धाकटा भाऊ वऱ्हाडात लढत होता त्याच वर्षी थोरल्या रिचर्डचं कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस पूर्ण होत आलं होतं, आणि त्याचा आराखडा डर्बीशायरच्या केडलस्टन हॉलवरून घेतलेला. केडलस्टन हा कर्झन घराण्याचा वाडा. शंभरेक वर्षांनी त्याच घराण्यातला लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होऊन आपल्या बापाच्या घरासारख्याच त्या घरात राहायला आला. आणि त्यानंच १९०२ मधे निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, सालाना २५ लाख रुपये ठरवून, अन् १९०३ मधे मध्य प्रांताला जोडलं. म्हणजे आपला विदर्भ ज्या दोन तुकड्यांतून जोडला गेला त्यातल्या एकाच्या तोडण्यात अन् जोडण्यात दोन अशा घराण्यांचा हात आहे.

केळीवाला_अकोट

चॅट्सवर्थचं नाव निघालं म्हणून लिहून रायलो. आपण इकडं जी नाईन केळी लावतो न टिश्यू कल्चरची, थे कॅव्हेंडिश गटातली होय अन् थे नाव ह्याच घराण्याचं. सहाव्या ड्यूकचा माळी होता जोसेफ पॅक्स्टन, त्यानं १८३० च्या आसपास मॉरिशसकडून आलेलं रोप मिळवलं, तिकडच्या थंडीत काचेच्या घरात शेगडी पेटवून वाढवलं, १८३५ मधे कमळ निघालं, अन् जातीले मालकाचं नाव दिलं. तिथून मिशनरी लोकाईनं थे रोपं सामोआ बेटावर नेले अन् तिकडच्या समुद्रातल्या बेटाबेटावर पसरले. पुढं पनामा रोगानं जुनी ग्रो मिशेल जात खल्लास केली, १९५० नंतर कंपन्याईनं कॅव्हेंडिश धरली अन् आज जगात एक्सपोर्टले जाणारी केळी जवळपास सबन हेच हाय.

मले त्या माळ्याचं लय कौतुक वाटते. शेतकऱ्याचा पोरगा, मोठ्या घरचा शिक्का नाही, अन् १८५१ मधे लंडनचा क्रिस्टल पॅलेस त्याच्याच डिझाइनवर उभा झाला, चॅट्सवर्थच्या काचघरात शिकलेलंच तिथं लावलं. वाड्याचा इतिहास लिहा तर माळ्याचाही लिहा, सालदाराचाही लिहा.

वणीची_लेक

केळीवाले दादा बरोबर बोलले, आणि संत्रेवाल्या दादांच्या दुसऱ्या प्रश्नावर, पैसा कुठून, यावर मला लिहायचंच आहे कारण व्हिडिओमधे झुंबर अन् बगीचे दिसतात, हे दिसत नाही.

सुरुवात चर्चच्या जमिनींपासून. आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४० मधे मठ बंद करून त्यांच्या जमिनी काढून घेतल्या आणि त्या दरबारी लोकांकडे गेल्या. चॅट्सवर्थ घेणारा विल्यम कॅव्हेंडिश हा ते मठ बंद करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकीच एक. त्याची बायको बेस, हार्डविकची, तिनं चार लग्नं केली, प्रत्येक नवऱ्यामागं संपत्ती वाढवली आणि १५९० च्या दशकात हार्डविक हॉल बांधला, त्याला भिंतीपेक्षा काचच जास्त असं लोक तेव्हा म्हणायचे. बाईच्या नावावर उभी राहिलेली अशी घरं कमी आहेत म्हणून मुद्दाम सांगते.

मग गायरानं. १७५० ते १८५० या शंभर वर्षात पार्लमेंटनं हजारो कायदे करून गावकऱ्यांच्या सामायिक चराईच्या जमिनी बंदिस्त करून दिल्या, आणि पार्लमेंटमधे बसलेले कोण तर हेच जमीनदार. डॉर्सेटमधे लॉर्ड मिल्टन नावाच्या माणसाला वाड्यासमोरचं गाव नजरेत खुपत होतं, त्यानं १७८० च्या सुमारास अख्खं बाजाराचं गाव पाडून लोकांना थोडं दूर, खोऱ्यात नवीन घरं बांधून नेऊन ठेवलं. मास्तर ज्या केडलस्टनबद्दल बोलले तिथंही जुनं गाव हलवलं, चर्च तेवढं वाड्याला लागून शिल्लक आहे. आमच्या भागात कोळशासाठी हललेली गावं मी पाहिली आहेत, देऊळ मागे राहते आणि सणाला लोकं तिथं परत जातात, त्यामुळं केडलस्टनचा फोटो पाहिला की माझी नजर आधी त्या चर्चवर जाते.

मग गुलामगिरी. यॉर्कशायरचं हेअरवूड हाऊस, १७५९ ला बांधायला घेतलं, लॅसेल्स घराणं, पैसा वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांतून. गुलामगिरी बंद झाली तेव्हा सरकारनं मालकांना नुकसानभरपाई दिली, या घराण्याला २६ हजार पौंडांच्या वर मिळाले. गुलाम म्हणून ज्यांनी आयुष्य घातलं त्यांना एक पैसा नाही. आणि आपल्याकडचा पैसा तर आहेच, वेल्समधल्या पोविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्यानं नेलेला माल आजही काचेत मांडलेला आहे, टिपूचा तंबूसुद्धा. बर्कशायरमधलं बेसिल्डन पार्क बंगालमधून कमावून गेलेल्या फ्रान्सिस साइक्सनं बांधलं. नॅशनल ट्रस्टनं, म्हणजे जुने वाडे सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेनं, स्वतः २०२० मधे अहवाल काढून कबूल केलं की त्यांच्या ९३ ठिकाणांचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी संबंध आहे. तिकडं त्यावर लय गदारोळ झाला, पण त्यांनी लिहिलं हे चांगलं केलं.

आणि कोळसा. वेंटवर्थ वुडहाऊस म्हणून यॉर्कशायरमधे आहे, समोरची बाजू ६०० फुटांच्या वर लांब. फिट्झविल्यम घराणं, जमिनीखाली कोळसा. १९४६ मधे मजूर पक्षाच्या सरकारनं त्याच्या बागेत ओपन कास्ट, म्हणजे वरून उघडी खोदलेली कोळशाची खाण, सुरू केली, झाडं कापली, खोदत खोदत वाड्याच्या दारापर्यंत आले. आणि तिथल्या खाणकामगारांच्या संघटनेनं याला विरोध केला, संपाची धमकी दिली. कामगार मालकाची बाग वाचवायला उभे राहिले, कारण ती बाग त्यांनाही फिरायला मोकळी होती, त्यांच्या पोरांच्या आठवणी तिथं होत्या. ओपन कास्ट म्हणजे काय हे ज्याच्या घरावर धूळ बसते त्याला विचारा. बाग वाचली नाही. घरात पुढं शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका घडवणारं कॉलेज चाललं, आणि २०१७ मधे एका ट्रस्टनं ७० लाख पौंडांना ते घेतलं, दुरुस्ती आता चालू आहे.

संत्रेवाला_परतवाडा

ताई, मास्तर, केळीवाले भाऊ, सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. अडगाव माझ्या मामाचं गाव आहे आणि तिथं एवढी लढाई झाली हे मले घरी कोणी सांगितलं नव्हतं. आता दोन गोष्टी आणखी सांगा. सगळेच वाडे टिकले का? आणि थोरल्याला मुलगाच नसेल, पोरीच असतील, तर काय व्हायचं?

कर_सल्लागार_वरुड

टिकण्याचं मी सांगतो, टॅक्सचा विषय आहे.

नाही टिकले. विसाव्या शतकात एकट्या इंग्लंडमधे हजाराच्या वर असे वाडे पाडले गेले, १९५५ च्या आसपास तर आठवड्याला एकदोन या वेगानं. आधी आतलं विकायचे, चुलीच्या भोवतीचे संगमरवरी चौकटे, लाकडी जिने, छताचं शिसं, कित्येक खोल्याच्या खोल्या सुट्या करून अमेरिकेला गेल्या, मग उरलेलं सुरुंगानं नाहीतर घणानं. तुमच्या गावच्या खांबांसारखंच झालं. व्हिडिओ फक्त उरलेल्यांचे निघतात म्हणून आपल्याला वाटते सगळे उभे आहेत.

कारण दोन. १८७० नंतर अमेरिकेचा गहू रेल्वे अन् आगबोटीनं स्वस्तात यायला लागला, धान्याचे भाव पडले, कुळांकडून येणारा खंड पडला. बाहेरच्या मालानं भाव पडला की काय होते हे आपल्याला सोयाबीन-कापसावरून कळते, तिकडं ते कुळापासून लॉर्डपर्यंत सगळ्यांना बसलं. काहींनी अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या पोरी केल्या, १८९५ मधे ब्लेनहाइम पॅलेसच्या नवव्या ड्यूकनं रेल्वेवाल्या व्हँडरबिल्टची मुलगी केली अन् तिच्या पैशातून घर सावरलं. तिच्या आईनं जबरदस्तीनं लावलेलं लग्न होतं ते, पुढं मोडलं.

दुसरं कारण मृत्यूवरचा टॅक्स. १८९४ मधे तिथले अर्थमंत्री सर विल्यम हार्कोर्ट यांनी आणला तेव्हा वरचा दर ८ टक्के होता. १९१९ ला ४० टक्के, दुसऱ्या महायुद्धानंतर ८० टक्के. बाप लढाईत गेला, वर्षभरात थोरला गेला, म्हणजे भार किती. चॅट्सवर्थचं उदाहरण तर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं वाचावं असं आहे. दहाव्या ड्यूकनं टॅक्स वाचवायला इस्टेट हयातीतच मुलाकडे वळवली, अट एकच की त्यानंतर पाच वर्षं जगायचं. १९५० च्या नोव्हेंबरमधे लाकूड फोडताना तो अचानक गेला, पाच वर्षाला चौदा आठवडे कमी. ८० टक्के टॅक्स पूर्ण लागला. थोरला मुलगा १९४४ मधेच युद्धात मेलेला, त्याची बायको पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या केनेडीची बहीण, म्हणून सगळं धाकट्या अँड्र्यूच्या गळ्यात. त्यानं हजारो एकर जमीन विकली, नावाजलेली चित्रं दिली, बेसचा हार्डविक हॉल सरकारला देऊन टाकला, तो १९५९ मधे नॅशनल ट्रस्टकडे गेला. फेडाफेडीत वीस वर्षांच्या आसपास गेली. शेवटी १९८१ मधे चॅट्सवर्थचा ट्रस्ट केला, घर दीर्घ पट्ट्यानं ट्रस्टला, आणि ड्यूकचं कुटुंब तिथं राहायचं भाडं ट्रस्टला भरते.

बाकीच्यांनी तिकीट लावलं. लाँगलीटच्या मार्क्विस ऑफ बाथनं १९४९ मधे घर लोकांना उघडलं, १९६६ मधे बागेत सिंह आणून सफारी पार्क काढलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी टीका केली पण वाडा उभा राहिला. ज्यांना तेही जमलं नाही त्यांच्यासाठी नॅशनल ट्रस्ट होता, १८९५ मधे जमिनी अन् जुन्या जागा वाचवायला काढलेला. १९३७ च्या कायद्यानं त्याला पूर्ण वाडे जमिनीसकट घ्यायची सोय झाली, लॉर्ड लोथियननं १९४० मधे नॉरफोकचा ब्लिकलिंग हॉल मृत्युपत्रानं दिला, मग रांग लागली, आज त्यांच्याकडे दोनशेच्या वर अशी घरं आहेत. आणि १९६८ पासून यादीतलं जुनं घर परवानगीशिवाय पाडता येत नाही.

दादा, तुमच्या गावचे ते दोन भाऊ तयार असतील तर उरलेल्या दरवाज्यापुरता का होईना, सगळ्या वारसांच्या संमतीनं सार्वजनिक न्यास करता येतो. केस चालू असताना तडजोडीतही ते टाकता येते. वकिलाला विचारा, मी कागदाला मदत करतो, फी नाही.

मास्तर_दर्यापूर

पोरींचं मी सांगतो, आणि त्यासाठी आपल्या वऱ्हाडाचा पट्टा करणारा कर्झनच पुरतो. त्याची बायको मेरी शिकागोच्या व्यापाऱ्याची मुलगी, १९०३ च्या दिल्ली दरबारात तिनं मोरपिसाच्या नक्षीचा, आपल्या कारागिरांनी जरीनं भरलेला पोशाख घातला होता, तो आज केडलस्टनमधे ठेवलाय. ती १९०६ मधे गेली. कर्झनला तीन मुली, मुलगा नाही. दुसरं लग्न केलं, तरी मुलगा झाला नाही. १९२५ मधे तो वारला तेव्हा त्याचा मार्क्विसचा किताब तिथंच संपला आणि केडलस्टन अन् स्कार्सडेलचा किताब पुतण्याकडे गेला. थोरल्या आयरीनला फक्त रेव्हन्सडेल हा लहान किताब मिळाला, कारण १९११ मधे तो घेताना मुलींच्या नावानंही चालावा अशी अट कर्झननं मुद्दाम घालून घेतली होती. त्या किताबावर तिला हाऊस ऑफ लॉर्ड्समधे बसताही येत नव्हतं, वारशानं लेडी झालेल्या बायकांना तो हक्क १९६३ मधे मिळाला. केडलस्टन पुढं १९८७ मधे नॅशनल ट्रस्टकडे गेलं.

वणीच्या ताई, वेंटवर्थच्या खाणकामगारांबद्दल अजून लिहा, संघटनेत कोण होतं, पुढं काय झालं. माझ्या बारावीच्या पोरांना ते वाचून दाखवायचं आहे.